लाळेचा हिशेब, गोठ्यातला आणि तोंडातला

राहाता तालुक्यात प्रवरेच्या कालव्याखाली माझ्या मामांची जमीन आहे. थोडा ऊस, थोडा मका आणि मुक्तसंचार गोठ्यात डझनभर संकरित गाई. मी संगमनेरला दातांचा दवाखाना चालवते. गेलं वर्षभर मामांची एकच तक्रार आहे. रात्री तोंडाला इतकी कोरड पडते की जीभ टाळूला चिकटते, आणि सकाळची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. त्यांच्या मते हे वय आहे. माझ्या मते हा आजार आहे, निदान आजाराची खूण तरी. दिवाळीनंतर गोठ्यात बसून आम्ही यावर जे भांडलो, ते इथे मांडते आहे. कारण ही कोरड आमच्या भागात घरोघरी आढळते आणि तिच्यासाठी दवाखान्याची पायरी कुणी चढत नाही. मामांचं सगळं मला पटलेलं नाही. त्यांचा एक मुद्दा मात्र मी आता माझ्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत वापरते.

मामा : साठी उलटली की विहीर आटायचीच. त्याला काय तपासायचं? आमचे आबा पण रात्री उशाला तांब्या घेऊनच झोपायचे.

मी : विहीर आटते तेव्हा बऱ्याचदा शेजारच्या बांधावर कुणीतरी नवा बोअर घेतलेला असतो, मामा. नुसत्या वयाने निरोगी माणसाच्या लाळेच्या ग्रंथी थोड्या मंदावतात, पण जीभ टाळूला चिकटेल इतक्या सहसा नाही. म्हाताऱ्या माणसांची तोंडं कोरडी दिसतात हे खरं आहे. त्यांच्या उशाला गोळ्यांच्या पट्ट्याही असतात, हेही खरं आहे. आबांच्या तांब्याशेजारी काय होतं, आठवतं का?

मामा : दम्याच्या गोळ्या होत्या. पण ते राहू दे. पाणीच कमी झालंय ना? मग पाणी प्यायचं. त्यात डॉक्टरचं काय काम?

मी : लाळेत शंभरातले नव्याण्णव भाग पाणीच असतं, इथवर तुमचं बरोबर. उरलेल्या एका भागासाठी शरीराने एवढी यंत्रणा उभी केली आहे. कानाच्या पुढे, गालाच्या मागच्या भागात दोन मोठ्या ग्रंथी. जबड्याच्या हाडाखाली दोन. जिभेखाली दोन. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या आतल्या त्वचेत विखुरलेल्या बारीक ग्रंथी सहाशे ते हजार. सगळ्यांची मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ होते. झोपेत ती जवळजवळ थांबते, जेवताना सर्वात जास्त येते.

मामा : दीड लिटर! वासराच्या एका वेळच्या दुधाइतकी. आणि ती सगळी आपण गिळतो?

मी : गिळतो, आणि म्हणूनच कळत नाही. आता मला एक सांगा. त्या कोपऱ्यातल्या पिंपात खाण्याचा सोडा ठेवलाय, तो कशाला?

मामांना गोठ्याबद्दल विचारलं की त्यांचा आवाज बदलतो. इतका वेळ खाटेवर रेललेले ते उठून बसले. पुढचं त्यांचं बोलणं मी मुद्दाम सलग देते आहे, कारण पशुवैद्यकाच्या पुस्तकात याहून फारसं वेगळं काही नसतं.

मामा : गाईच्या कोठीपोटात चाऱ्याचा आंबवा होतो. त्यात आंबट धरतं. गाय रवंथ करते, सात-आठ तास जबडा हलत राहतो, तितका वेळ लाळ पोटात जाते आणि आंबट मारलं जातं. हे जोवर नीट चाललंय तोवर दुधाला फॅट लागते. मागच्या साली मी काय केलं, मका कापून मुरघास केला तो यंत्राने पार बारीक झाला. वरून गोळी पेंड वाढवली. दूध वाढलं, मी खूश. महिन्याभरात डेअरीची पावती बघतो तर फॅट तीनच्या खाली. साडेतीन फॅट-साडेआठ एसएनएफला दर असतो, त्याच्या खाली आलं की कापतात. दोन गाई खुरातून लंगडायला लागल्या, शेण पातळ. डॉक्टर आले, म्हणाले, गाई चावतच नाहीत तर लाळ कुठून येणार? लांब कडबा द्या, पेंड दोन वेळची चार वेळांत वाटा, आणि तोवर गाईमागे शंभर-दीडशे ग्रॅम सोडा चालू ठेवा. तेव्हापासून ते पिंप. पण खरं काम कडब्याने केलं, सोड्याने नाही.

मी : गाय दिवसाला किती लाळ करते, सांगितलं का त्यांनी?

मामा : शंभर लिटरच्या पुढे, म्हणाले. मला आधी खोटंच वाटलं.

मी : खरं आहे. शंभर ते दीडशे लिटर. आणि त्या लाळेत विरघळलेला सोडा काढून तोलला, तर दिवसाचा दीड-दोन किलो भरेल. तुम्ही पिंपातून देता तो दीडशे ग्रॅम. म्हणजे गाईच्या गळ्यातच सोड्याचा कारखाना आहे आणि तुम्ही वरून चिमूटभर घालता.

मामा : म्हणून तर म्हटलं, कडबा. जनावर चावलं पाहिजे.

मी : आता हेच माणसाला लावा. आपल्या लाळेतही तोच सोडा आहे, बायकार्बोनेट. गाईत तो कोठीपोट सांभाळतो, आपल्यात दात. कोठीपोटाचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाचच्या आसपास उतरला की गाय बिघडते ना?

मामा : साडेपाच-पावणेसहा. डॉक्टरांनी पट्टी लावून दाखवली होती.

मी : दाताच्या वरच्या कठीण कवचाचा, इनॅमलचा, धोक्याचा आकडाही साडेपाचच. तोंडातला सामू त्याच्या खाली गेला की कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. गोठ्यात आणि तोंडात आकडा एकच निघावा हा योगायोग असेल, पण मी कॉलेजात वाचला होता तेव्हापासून मला तो विसरता आलेला नाही. दातांवरचे जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. चहाचा एक कप पोटात गेला की काही मिनिटांत दातावरच्या थरात सामू घसरतो आणि मूळ जागी यायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. रॉबर्ट स्टीफन नावाच्या अमेरिकी संशोधकाने 1940च्या दशकात ही घसरण मोजून दाखवली. ती घसरण भरून काढणारी गोष्ट म्हणजे लाळ. वरून लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, ते झिजलेल्या जागी परत बसतं. तुम्ही दिवसातून किती चहा घेता?

मामा : आला-गेला धरून सहा-सात.

मी : म्हणजे सहा-सात वेळा घसरण. तीही दीड चमचा साखरेची.

मामा : सभासदाची साखर आहे, पोरी. 1950 साली लोणीला विखे पाटलांनी कारखाना काढला, तेव्हा आमच्या आबांनी शेअर घेतला. त्या साखरेला नावं ठेवायची नाहीत.

मी : साखरेला नावं ठेवत नाही. त्या कारखान्यामुळे तालुक्यात शाळा आल्या, दवाखाने आले. मी डॉक्टर झाले त्यातही त्या उसाचा वाटा आहे. मी म्हणते ते एवढंच की पेंड तुम्ही चार वेळांत वाटली कारण गाईकडे लाळ आहे आणि ती सतत झरते. गाईच्या कानाखालच्या ग्रंथी चारा नसतानाही थांबत नाहीत. आपल्या बऱ्याच मंदावतात. म्हणून आपल्याला उलटं करावं लागतं. साखर खायचीच तर जेवणाबरोबर एकदा खावी आणि मधे तोंडाला मोकळीक द्यावी. तुमच्यासारख्या कोरड्या तोंडाच्या माणसाने तर नक्कीच, कारण तुमच्या तोंडातला सामू चढवायला लाळच नाही.

मामा : मग पाणी प्यायलो की चढेल की.

मी : चूळ भरली तर साखर धुतली जाते, तेवढा फायदा आहे. पण पाण्यात सोडा नाही, कॅल्शियम नाही, जंतूंना आवरणारी प्रथिनं नाहीत. गाईला सोड्याऐवजी नुसतं पाणी पाजून फॅट आली असती का?

इथे मामा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी भाकरीचा विषय काढला. चावण्यावर त्यांची श्रद्धा आहे, आणि ती साधी जुनी समजूत म्हणून मी बाजूला ठेवणार होते. पण तसं करता येत नाही.

मामा : आमची आई सांगायची, घास बत्तीस वेळा चाव. बाजरीची भाकरी कोरडीच चावत बसलो की गोड लागायची. ते का?

मी : लाळेत एक पाचक द्रव्य असतं, ते पिठाचे तुकडे करून त्याची साखर बनवतं. जर्मनीतल्या लॉइक्स नावाच्या माणसाने 1831 साली ते दाखवलं. पण खरं सांगू? पीठ पचवायचं मोठं काम पुढे स्वादुपिंड करतं. लाळ नसलेल्या माणसालाही भाकरी पचते. त्याला ती गिळता येत नाही, चव कळत नाही, आणि दात टिकत नाहीत. चव कळायला पदार्थ आधी विरघळावा लागतो. पचन म्हणून लाळेचं जे कौतुक शाळेच्या पुस्तकात असतं, ते मला थोडं अस्थानी वाटतं. राखण करणं हे तिचं मुख्य काम.

मामा : म्हणजे आईचं चुकलं?

मी : नाही, तिचं बरोबर होतं, कारण वेगळं आहे. चावलं की लाळ नुसती वाढत नाही, तिच्यातला सोडाही वाढतो. बसल्या जागी येणाऱ्या लाळेत सोडा कमी असतो. जोरात सुटणारी लाळ त्याने भरलेली असते. कडब्याचाच नियम. चहात बुडवलेली खारी आणि टोस्ट खाणाऱ्या माणसाचा जबडा हलत नाही, साखर मात्र दातांच्या फटीत चिकटून राहते. भाकरी, काकडी, भाजलेले दाणे, हरभरा हे तोंडाचे मित्र आहेत. तेवढे दात शाबूत असेपर्यंत.

मामा : बघ, शेवटी गोठ्यावरच आलीस.

मी : लाळेची वाट सापडलीच मुळी जनावराच्या मुंडीत. 1660 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये बावीस वर्षांच्या नील्स स्टेन्सन नावाच्या डॅनिश विद्यार्थ्याने अभ्यासाला मेंढीचं डोकं आणलं होतं. गालातल्या एका नळीत त्याने सळई सरकवली आणि ती पुढे जाऊन दातावर वाजली. कानाजवळच्या ग्रंथीची लाळ तोंडात कुठून येते ते त्या आवाजाने कळलं. आजही ती नळी त्याच्या नावाने ओळखतात. तुमच्या गालाला आतून, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर जीभ लावा. बारीक फोडासारखं लागतं ना? तेच तिचं तोंड. जिभेखालच्या नळ्यांची तोंडं खालच्या पुढच्या दातांच्या मागे आहेत. दातांवर किटण कुठे जास्त साचतं, माहीत आहे? याच दोन जागी. लाळेतलं कॅल्शियम तिथे पहिल्यांदा पोचतं म्हणून.

मामांनी खरंच जीभ फिरवून पाहिली. मग त्यांनी जी गोष्ट सांगितली तिच्यामुळे आमचं बोलणं जिथे जायला हवं होतं तिथे गेलं.

मामा : लाळ कमी होण्याचं सांगतेस, मी जास्त झालेली पाहिलीय. आपल्या वस्तीवरचा एक पोरगा डाळिंबाला औषध मारत होता. वारा उलटा. संध्याकाळी घरी आला तो तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, घामाने चिंब. लोणीला नेला. इंजेक्शनावर इंजेक्शन दिली. वाचला. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर घसा कोरडा पडलाय, पाणी द्या, पाणी द्या म्हणत होता. काल फेस आणि आज कोरड, असं कसं?

मी : दोन्ही एकाच दोरीची टोकं. लाळग्रंथींना हुकूम नसांमधून येतो. नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं, ग्रंथी लाळ सोडते, आणि ते रसायन लगेच मोडलं जातं. फवारणीच्या काही औषधांमुळे ते मोडणं थांबतं. मग हुकूम चालूच राहतो. लाळ, घाम, अश्रू, छातीत कफ, सगळं सुटतं. जीव छातीतल्या पाण्याने जातो. इंजेक्शन दिलं ते अ‍ॅट्रोपिनचं. ते हुकूम ग्रंथीपर्यंत पोचूच देत नाही. म्हणून तोंड सुकतं. धोतऱ्यातही त्याच जातीची द्रव्यं असतात; धोतऱ्याचं बी पोटात गेलेल्या माणसाचं तोंड म्हणूनच लाकडासारखं कोरडं पडतं.

मामा : बरं. मग माझं कोण अडवतंय? मी काही धोतरा खात नाही.

मी : रात्री झोपताना कोणत्या गोळ्या घेता?

मामा : साखरेची सकाळ-संध्याकाळ. बीपीची सकाळी, ती लघवी जास्त होणारी. आणि पायाच्या तळव्यांची आग होते, त्याची एक रात्री. ती घेतली की झोपही लागते.

मी : कधीपासून?

मामा : झालं वर्ष-सव्वा वर्ष.

मी : आणि कोरड?

मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी आत जाऊन औषधांची पिशवी आणली. रात्रीची गोळी अमिट्रिप्टिलीन होती. नसांच्या दुखण्यावर ती चांगली उपयोगी पडते आणि स्वस्तही आहे, पण तिच्यात अ‍ॅट्रोपिनसारखा गुण असतो आणि तोंड सुकणं हा तिचा अगदी नेहमीचा परिणाम. सोबत वाढलेली साखर आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. तिन्ही मिळून काम चोख झालं होतं. सर्दीच्या, खाजेच्या, मनाच्या आजाराच्या, लघवी आवरण्याच्या कित्येक गोळ्या हेच करतात.

मामा : म्हणजे शेजारचा बोअर हा! आणि तो मीच पैसे देऊन घेतलाय. मग मला एक सांग, ही गोळी लिहून देणाऱ्याने आधी सांगायला नको होतं? डेअरीचा डॉक्टर गाईला इंजेक्शन देतो तेव्हा सांगतो, दोन दिवस दूध घालू नका. माणसाच्या डॉक्टरला एवढंही सांगता येत नाही, की तोंड सुकेल, दात सांभाळा?

मी : यायला हवं. यावर माझ्याकडे तुमच्या विरुद्ध बोलायला काही नाही.

हा तो मुद्दा. गाईच्या दुधाला किंमत आहे म्हणून औषधाचा दुधावरचा परिणाम सांगितला जातो. लाळेची पावती कुणी फाडत नाही म्हणून औषधाचा लाळेवरचा परिणाम अनुल्लेखित राहतो. रुग्ण माझ्याकडे येतो तेव्हा हिरडीलगत, दातांच्या मुळांशी, सहसा कीड लागत नाही अशा जागी पाच-सहा दात एकदम गेलेले असतात. आरसा गालाला चिकटतो. तोपर्यंत वर्ष-दोन वर्षं गेलेली असतात. आता मी दाताच्या आधी औषधांची पिशवी बघायला मागते.

मामा : मग आजपासून बंद करतो ती गोळी.

मी : अजिबात नाही. तळव्यांची आग परत उठेल, झोप जाईल. ज्यांनी दिली त्यांना सांगा, तोंड असं सुकतंय. मात्रा कमी करता येते, बदलून दुसरी देता येते. साखर आटोक्यात आणली की निम्मं काम तसंच होतं. तोवर रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. रात्री लाळ नसते म्हणून रात्रीचं घासणं सकाळपेक्षा मोलाचं. आणि साखरेची नव्हे, साधी बडीशेप चघळत जा. मी एकदा मोजूनही बघेन. शांत बसायचं, गिळायचं नाही, पाच मिनिटं आपोआप येईल ती लाळ नळीत सोडायची. दीड-दोन मिली भरली तर उत्तम. अर्ध्या मिलीच्या खाली असेल तर ग्रंथी खरोखर मागे पडल्यात.

मामा : बडीशेप कशाला? तोंडाला पाणी सुटायचं औषध माझ्या खिशात आहे. तंबाखूचा बार भरला की दोन मिनिटांत तोंड भरतं. उगाच म्हणत नाहीत लोक, तंबाखूने तोंड ओलं राहतं.

इथून पुढे आमच्या आवाजाची पट्टी वाढली. मामांनी डबी काढली, चुना मळला, आणि मी तो हातातून काढून घेण्याचा प्रयत्न केला नाही. पण जे म्हणायचं ते म्हटलं.

मी : पाणी सुटतं, खरं आहे. चुना आणि तंबाखू तोंडाला झोंबतात, आणि झोंबणारी वस्तू धुऊन काढायला ग्रंथी धावतात. मग ती लाळ तुम्ही काय करता?

मामा : थुंकतो. गिळली तर उचकी लागते.

मी : गाईने लाळ गोठ्यात गाळली तर कोठीपोटाचं काय होईल? लाळ्या-खुरकुतात गाय तारा सोडते, तेव्हा लाळ वाढलेली असते असं आपल्याला वाटतं. तोंडात फोड असल्याने ती गिळत नाही, आणि गिळली नाही म्हणून बाहेर वाहते. तुम्ही ते स्वतःच्या हाताने करता. सोडा, कॅल्शियम, सगळं पिंकेत.

मामा : मग गिळू का?

मी : नाही! ती लाळ आता लाळ राहिलेली नाही. तंबाखूतलं विष काढून घ्यायचं काम तिनेच केलेलं असतं. चुन्यामुळे निकोटीन लवकर रक्तात जातं, आणि तंबाखूतली कर्करोग करणारी द्रव्यं त्याच लाळेत विरघळून गालाच्या एका जागी तासन्‌तास बसतात. बरी राखण करणारी वस्तू चोराची गाडी हाकते. सुपारीचं वेगळंच. सुपारी खाणाऱ्याच्या गालातली त्वचा आतून ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे, तंबाखू नसली तरी. राज्यात 2012पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तरी माझ्या खुर्चीत विशी-पंचविशीची पोरं येतात ज्यांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत.

मामा : मी गुटखा खात नाही. सुपारी पण नाही. चाळीस वर्षं साधी तंबाखू. संगमनेर आणि नगरला किती घरं विड्या वळून चालली, ठाऊक आहे ना? बायांनी रात्री कंदिलाखाली वळून पोरं शिकवली. तुला हे सगळं एका झटक्यात वाईट म्हणता येतं, आम्हाला नाही म्हणता येत.

मी : विडी वळणारीला मी वाईट म्हणत नाही. तिला दुसरं काम मिळालं असतं तर तिने ते घेतलं असतं. मी तुमच्या गालाबद्दल बोलते आहे.

मामा : राळेगणसिद्धीला दुकानात विडी-तंबाखू विकत नाहीत. तिथल्या म्हाताऱ्यांचे दात काय पक्के आहेत?

मी : तिथेही चहा आहे आणि गोळ्या आहेत, त्यामुळे दात पडतही असतील. पण गालाला जखम व्हायचं एक कारण गावाने दारातून परत पाठवलं. एका गावाला ते जमलं, हे माझ्या दृष्टीने मोठं आहे. मामा, मला भीती कशाची वाटते ते सांगू? गालाचा किंवा घशाचा कर्करोग झाला आणि किरणोपचार द्यावे लागले, तर किरणांच्या वाटेत या ग्रंथी येतात. हल्लीची यंत्रं त्यांना वाचवायचा प्रयत्न करतात, सगळ्यांच्या बाबतीत ते जमत नाही. तुमची आत्ताची कोरड गोळी बदलली की सुधारेल. किरणांनी आलेली कोरड बहुतेकांची पूर्ण कधी जात नाही. माणूस आजारातून वाचतो आणि मग पाण्याची बाटली हातात धरूनच जगतो. भात सुद्धा पातळ करून खातो, आणि दात एकामागून एक ठिसूळ होऊन तुटतात.

मामा बराच वेळ गाईंकडे बघत राहिले. मग त्यांनी विषय बदलला, तो टाळण्यासाठी नव्हे. त्यांना खरोखर एक शंका होती.

मामा : मागे एक गाय अशीच लाळ गाळत होती, चारा खाईना. गड्याला वाटलं घशात काही अडकलं. त्याने हात घातला. नंतर कळलं, पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं तिला.

मी : त्याने लस घेतली?

मामा : घेतली. दवाखान्यात पाठवलाच मी.

मी : चांगलं केलंत. रेबीजचा विषाणू मेंदूतून नसांवाटे लाळग्रंथींत उतरतो आणि लाळेतूनच पुढे जातो. लाळ गाळणाऱ्या, गिळू न शकणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायचाच नाही, आणि घातला गेला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन तडक लस. गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा हे, गडी बदलत राहतात. गालगुंडाचा विषाणूही याच ग्रंथींत घर करतो. गालगुंडाची लस सरकारी मोफत यादीत नाही, बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. नातवाला द्यायची राहिली असेल तर विचारा.

मामा : आणि मला जेवताना कधी कधी जबड्याखाली गोळा येतो, तासाभराने जातो, तो?

मी : हे आत्ता सांगताय? जेवताना फुगतो आणि मग उतरतो?

मामा : चिंचेचं काही खाल्लं की जास्त.

मी : मग नळीत खडा असू शकतो. चिंच दिसली की ग्रंथी लाळ सोडते, वाट बंद असते, लाळ मागे तुंबते. लाळेतले खडे बहुतेक जबड्याखालच्याच ग्रंथीत होतात, कारण तिची लाळ घट्ट असते आणि नळी वरच्या दिशेने चढते. लाळ कमी वाहिली की खडा धरायला सोपं. पाणी भरपूर प्या, लिंबाची फोड चोखून बघा, लहान खडा कधी आपोआप पडतो. पण आधी मला बोटाने चाचपू द्या आणि फोटो काढू द्या. ताप आला किंवा जिभेखालून पू आला तर त्याच दिवशी यायचं.

मामा : एवढ्याशा थुंकीचे एवढे खेळ.

मी : तोंड उघडा. आ करा. आता तीन बोटं उभी घालून बघा.

मामांनी बोटं घातली. तीन बोटं गेली. डाव्या गालात, जिथे ते बार धरतात, तिथे सुरकुतलेला पांढरट पट्टा होता. गोठ्यातल्या बल्बच्या उजेडात त्याहून जास्त काही सांगता येत नव्हतं.

मी : पट्टा आहे, मामा. तंबाखू सोडली तर असे पट्टे बऱ्याचदा मागे फिरतात. फिरला नाही, किंवा त्यात लाल भाग दिसला, तर तुकडा काढून तपासायला लोणीच्या डेंटल कॉलेजात जाऊ. तुम्हाला लांब नाही.

मामा : गोळीचं विचारतो डॉक्टरांना. चहा तीनवर आणतो. तंबाखूचं हंगाम संपल्यावर बघू, आत्ता ऊसतोडीच्या मागे रात्र-रात्र जागायचं आहे.

मी : हंगाम मार्चपर्यंत चालतो. तेवढं थांबायला मी तयार नाही.

मामा : मग सोमवारी दूध घालून संगमनेरला येतो. पण डबी खिशात असेल, आधीच सांगतो.

मी : असू दे. तपासताना टेबलावर काढून ठेवायची. आणि औषधांची पिशवी सगळी आणायची, खोकल्याची, मेडिकलमधून परस्पर घेतलेली एकेक पट्टी.